डब्याखालचे बारा अंक

या वेळच्या टपालात चंद्रपूर-गडचिरोलीकडची पत्रं जास्त आहेत. गावं वेगळी, कामं वेगळी, पण बहुतेकांनी विचारलंय एकाच गोष्टीबद्दल. राउटर, संगणक, प्रिंटर, मोबाइल यांच्या अंगी कारखान्यातूनच येणारा एक नंबर असतो. तो मागितला जातो, फॉर्मवर लिहून घेतला जातो, कधी त्याच्यापायी नेटही अडतं. लोक त्याला नुसतं ‘मॅक’ म्हणतात. हे सगळं पान त्याच्यासाठी.

प्रश्न : मी आरमोरी तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून राउटर जळला. वडशाहून नवा आणला, जुन्याची सगळी सेटिंग जशीच्या तशी भरली, तरी नेट सुरू होईना. ज्या खासगी कंपनीचं कनेक्शन आहे तिथे फोन केला तर म्हणाले, “नव्या डब्याचा मॅक सांगा.” तो सांगितला आणि नेट चालू! त्या नंबरावाचून नेमकं काय अडलं होतं?

उत्तर : राउटर उलटा केला की खालच्या स्टिकरवर दोन-दोनच्या सहा जोड्या दिसतात. उदाहरणार्थ ००:००:५ई:००:५३:१०. (हा नंबर कोणाच्याही राउटरचा नाही. ही मालिका पुस्तकांत आणि लेखांत उदाहरण म्हणून वापरण्यासाठीच राखून ठेवलेली आहे.) ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं मिळून सोळा चिन्हं, आणि एकूण जागा बारा. संगणकाच्या हिशेबाने हा ४८ बिटांचा नंबर होतो. पहिल्या तीन जोड्या उत्पादकाच्या असतात. उरलेल्या तीन तो उत्पादक आपल्या प्रत्येक नगाला वेगळ्या देतो.

तुमच्या मोटारसायकलचा चेसिस नंबर आठवा. सतरा चिन्हांचा तो नंबर कारखान्यात ठोकलेला असतो आणि त्याची पहिली तीन चिन्हं गाडी कोणी बनवली ते सांगतात. बजाजच्या गाड्यांवर ती ‘एमडी२’ असतात. गाडीची पाटी मात्र आरटीओ देतं. एमएच ३३ म्हणजे गडचिरोली, एमएच ३४ म्हणजे चंद्रपूर. गाडी दुसऱ्या राज्यातून इथे आणून नव्याने नोंदवली की पाटी बदलते, चेसिस नंबर तोच राहतो. नेटच्या दुनियेतही असेच दोन नंबर असतात. मॅक हा चेसिस नंबर. आयपी ही पाटी, म्हणजे यंत्र ज्या जाळ्यात जोडलं त्या जाळ्याने दिलेला, जागेनुसार बदलणारा नंबर. मॅक सांगतो की हे यंत्र कोणतं. ते कुठे आहे, याचा त्यात मागमूस नसतो. पुढच्या जवळपास सगळ्या उत्तरांची किल्ली इथेच आहे.

आता तुमच्या अडचणीकडे. तुमच्या वायरच्या दुसऱ्या टोकाला कंपनीचं जे उपकरण असतं, त्यात ग्राहकाच्या नावापुढे त्याच्या राउटरचा मॅक नोंदवून ठेवायची पद्धत आहे. याला ‘मॅक बाइंड करणं’ म्हणतात. एकाच्या पैशांत शेजारच्याने दुसरा डबा जोडून नेट वापरू नये, हा त्यामागचा हेतू. तुमचा जुना डबा जळाला, पण कंपनीच्या वहीत नंबर त्याचाच राहिला. नवा डबा बरोबर पासवर्ड घेऊन दारात उभा होता, नंबर जुळत नसल्याने त्याला आत घेतलं नाही.

पुढच्या खेपेला दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका राउटरला एकच मॅक नसतो. बाहेरच्या वायरच्या पोर्टाचा एक, आतल्या बाजूचा दुसरा, वायफायच्या दोन पट्ट्यांचे आणखी दोन. कंपनीला लागतो तो बाहेरच्या, म्हणजे ‘वॅन’ पोर्टाचा. बऱ्याच डब्यांत तो स्टिकरवरच्या नंबरापेक्षा एकाने पुढे-मागे असतो, म्हणून राउटरच्या स्टेटस पानावर बघून सांगा. दुसरं म्हणजे बहुतेक राउटरांत ‘मॅक क्लोन’ नावाची सोय असते. जुन्या डब्याचा नंबर तिथे भरला की नवा डबा त्याच नावाने बोलायला लागतो आणि कंपनीला फोन करायची वेळ येत नाही. त्यासाठी जुन्या राउटरच्या स्टेटस पानाचा फोटो आधीच काढून ठेवलेला बरा.

ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर येते तिथे गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या ओएनटी नावाच्या डब्याला फायबरच्या बाजूने मॅकवरून नाही, तर त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखलं जातं. त्याचीही ठेवण अशीच असते, सुरुवातीची चार अक्षरं उत्पादकाची आणि पुढची आठ चिन्हं त्या नगाची. ओएनटी बदलला तर तो नंबर तालुक्याच्या बाजूने नोंदवावा लागतो.

प्रश्न : मी मूलचा निवृत्त शिक्षक. जगभर हजारो कारखाने रोज लाखो यंत्रं बनवतात. तरी दोन यंत्रांचा नंबर सारखा येत नाही, हे कोण सांभाळतं? आणि हे नंबर कधी संपणार नाहीत का?

उत्तर : गुरुजी, आधी ही गरज कशी पडली ते सांगतो. इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात एका टिपणात मांडली. एकच जाड केबल, तिला जोडलेले सगळे संगणक, आणि एकाने पाठवलेलं सगळ्यांना ऐकू जाणार. म्हणून ‘हे कोणासाठी’ हे प्रत्येक संदेशावर लिहिणं भाग होतं. त्या प्रायोगिक जाळ्यात नंबर अवघा ८ बिटांचा होता, म्हणजे फार तर २५६ नंबर. कोणत्या संगणकाला कोणता द्यायचा ते माणूस ठरवायचा. एका इमारतीपुरतं हे ठीक होतं. दोन इमारतींची जाळी जोडायची म्हटली की दोन्हीकडे ‘५ नंबर’ निघणार.

पुढे डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून ३० सप्टेंबर १९८० रोजी इथरनेटचं प्रमाणक प्रसिद्ध केलं आणि त्यात नंबर एकदम ४८ बिटांचा झाला. एवढा मोठा का, याचं उत्तर देणारा निबंध १९८१ साली योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी लिहिला. हे दलाल आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. नंतर स्टॅनफर्डला गेले आणि १९७४ साली व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर टीसीपी या इंटरनेटच्या पायाभूत नियमावलीचं पहिलं तपशीलवार वर्णन त्यांनी लिहिलं. निबंधातला विचार थोडक्यात असा : नंबर इतके मुबलक ठेवा की यंत्र कारखान्यातून निघतानाच त्याला कायमचा, जगात एकमेव असा नंबर देता येईल. मग ते कोणत्याही जाळ्यात जोडलं, दुसरीकडे नेलं, दोन जाळी एकत्र केली, तरी नंबर वाटणाऱ्या माणसाची गरजच उरणार नाही. संदेशामागे थोडे बिट जास्त खर्च होतील, माणसाची उठाठेव वाचेल. बिट त्या काळी महाग होते, तरी त्यांनी हा सौदा केला.

सुरुवातीला नंबरांचं वाटप झेरॉक्स करत असे. १९८६पासून ते काम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे आहे. उत्पादक पैसे भरून पहिल्या तीन जोड्यांचा एक गट विकत घेतो. एका गटात १,६७,७७,२१६ नंबर बसतात. लहान उत्पादकाला एवढे नको असतात, त्यांच्यासाठी १०,४८,५७६ आणि ४,०९६ नंबरांचे छोटे गटही आहेत. गट संस्था देते, गटाच्या आत पुनरावृत्ती होऊ न देणं ही उत्पादकाची जबाबदारी. स्वस्तातल्या मालात ती कधी पाळली जात नाही आणि एकाच नंबराची दोन यंत्रं निघतात. ती वेगवेगळ्या गावांत असतील तर कोणाचंच बिघडत नाही. एकाच खोलीत आली तर मात्र दोघांचंही नेट येत-जात राहतं आणि कारण लवकर सापडत नाही.

संपण्याचा हिशेब तुम्हाला आवडेल. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून जास्त नंबर होतात. त्यातला एक बिट ‘हा नंबर एकाचा की समूहाचा’ हे सांगायला आणि एक बिट ‘कारखान्याने दिलेला की जागेवर ठरवलेला’ हे सांगायला राखलेला आहे. म्हणजे कारखान्यांच्या वाट्याला एक चतुर्थांश, सुमारे ७० लाख कोटी. ८०० कोटी माणसांत वाटले तर माणशी ८ हजारांहून अधिक. निदान २०८० सालापर्यंत पुरवायचे, असं आयईईईचं उद्दिष्ट आहे.

प्रश्न : मी भामरागडला एका कार्यालयात नोकरीला आहे. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, फायबर तुटली की नेट बंद. पण अशा वेळीही माझ्या टेबलावरून पलीकडच्या खोलीतल्या प्रिंटरवर कागद छापता येतो. नेटच नाही, तर प्रिंटरला कळतं कसं?

उत्तर : कारण त्या कामाला बाहेरच्या जगाची गरजच पडत नाही. तुमचा संगणक, तो प्रिंटर आणि मधला स्विच एवढ्या तिघांत ते उरकतं.

समजा तुमच्या संगणकाचा आयपी १९२.१६८.१.५ आहे आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.२०. छापायचा आदेश दिला तेव्हा संगणकाला आयपी ठाऊक आहे, पण वायरवर पाकीट सोडायला मॅक लागतो. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असा प्रश्न टाकतो : ‘१९२.१६८.१.२० कोण? १९२.१६८.१.५ ला कळवा.’ या प्रश्नावर घेणाऱ्याच्या जागी बाराही ठिकाणी ‘एफ’ लिहिलेलं असतं आणि तसा नंबर म्हणजे ‘सगळ्यांसाठी’. जोडलेलं प्रत्येक यंत्र तो ऐकतं. बाकीचे गप्प बसतात, प्रिंटर एकटा उत्तर देतो : ‘मी, आणि माझा मॅक हा.’ संगणक हे उत्तर काही काळ लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्या पानासाठी पुन्हा विचारायला नको. या विचारपूस करण्याच्या पद्धतीला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर १९८२मध्ये लिहून प्रसिद्ध केली.

आता मॅक कळला. संगणक वायरवर जे पाकीट सोडतो त्याला फ्रेम म्हणतात. तिच्यावर सर्वांत आधी घेणाऱ्याचा मॅक, मग पाठवणाऱ्याचा मॅक, मग आत कोणत्या प्रकारचा माल आहे त्याची खूण, मग जास्तीत जास्त १,५०० बाइटचा माल आणि शेवटी वाटेत काही बिघडलं का हे तपासायचा आकडा. घेणाऱ्याचा नंबर पहिला ठेवण्यात शहाणपण आहे. पाकिटाच्या पहिल्या सहा बाइटांतच कार्डाला कळतं की हे आपलं नाही. मग पुढचं वाचण्यात वेळ घालवायला नको.

मधल्या स्विचची करामत याहून सुंदर. कोणत्या पोर्टाला कोणतं यंत्र जोडलंय, हे त्याला कोणीही सांगितलेलं नसतं. येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा नंबर तो वाचतो आणि टिपून ठेवतो की हा नंबर तिसऱ्या पोर्टाकडून आला. पुढे त्या नंबरासाठी काही आलं की फक्त तिसऱ्या पोर्टाला देतो. नंबर यादीत नसेल तर आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. ज्याचं असेल तो उत्तर देतो आणि त्या उत्तरावरून स्विच त्याची जागा शिकतो. साधारण पाच मिनिटं एखादा नंबर बोललाच नाही तर नोंद पुसतो. म्हणून प्रिंटर या खोलीतून त्या खोलीत नेला, वायर भलत्याच पोर्टात घातली, तरी कोणाला कळवावं लागत नाही. प्रिंटर पहिल्यांदा बोलला की स्विच आपली यादी दुरुस्त करतो.

नंबर कारखान्यातून आलेले, जागा स्विचने स्वतः शिकलेल्या, विचारपूस खोलीतल्या खोलीत. नदीपलीकडच्या कोणाचीही परवानगी यात कुठेच लागत नाही. दलाल-प्रिंटिस यांच्या निबंधाचा फायदा भर पुरात तुमच्या टेबलावर येतो तो असा.

प्रश्न : मी चंद्रपूरला तंत्रनिकेतनमध्ये शिकते. मॅक जर जगात एकमेव आहे, तर आयपीची भानगड हवीच कशाला? सगळ्या इंटरनेटने मॅकवरच का चालू नये?

उत्तर : परीक्षेत हा प्रश्न ‘फरक स्पष्ट करा’ असा येतो. तुम्ही तो जसा विचारलात तो जास्त चांगला आहे.

मॅकमध्ये ठिकाण नसतं, हे आपण पाहिलं. एकाच कारखान्यातून लागोपाठ निघालेल्या दोन कार्डांपैकी एक सिरोंच्यात आणि दुसरं सोलापुरात असू शकतं. दोघांचे नंबर शेजारचे, पण पोहोचायचे रस्ते वेगळे. मॅकवर सगळं जग चालवायचं तर प्रत्येक राउटरला जगातल्या प्रत्येक यंत्राची स्वतंत्र नोंद ठेवावी लागेल आणि कोणी लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत गेलं की ती जगभर बदलावी लागेल. अनोळखी नंबरासाठी ‘सगळ्यांना विचारा’ हा स्विचचा उपाय शे-दोनशे यंत्रांत चालतो. कोट्यवधी यंत्रांत निव्वळ विचारपुशीनेच वायरी भरून जातील.

आयपीमध्ये सुरुवातीचा भाग जाळ्याचा असतो. त्यामुळे दूरच्या राउटरला एवढंच कळलं तरी पुरतं की या सुरुवातीचं जे काही असेल ते त्या दिशेला पाठवा. मोठ्या राउटरांच्या यादीत अशा गटांच्या नोंदी दहा लाखांच्या आसपास असतात आणि तेवढ्यात जग सांभाळलं जातं.

दोघांची कामाची वाटणी प्रत्यक्ष प्रवासात बघा. चंद्रपूरहून मुंबईच्या एखाद्या सर्व्हरकडे पाकीट निघालं. तुमच्या संगणकाने आतल्या पाकिटावर सर्व्हरचा आयपी लिहिला, पण बाहेरच्या फ्रेमवर मॅक लिहिला तो घरच्या राउटरचा. राउटरने फ्रेम उघडली, फेकून दिली, पुढच्या राउटरच्या मॅकची नवी फ्रेम चढवली. मधला टप्पा इथरनेटचा असेल तोवर प्रत्येक टप्प्यावर हेच. कुठे जायचं तो आयपी शेवटपर्यंत तोच, मॅक मात्र दर टप्प्याला नवे. (पाठवणाऱ्याचा घरगुती आयपी राउटर वाटेत बदलतो, तो वेगळा विषय.) म्हणून सर्व्हरपर्यंत तुमचा मॅक कधीच पोहोचत नाही. तो तुमच्या पहिल्या राउटरपाशी थांबतो.

प्रश्न : राजुऱ्याजवळच्या आमच्या शाळेत संगणक कक्ष आहे. झाडलोट झाल्यावर कोणीतरी लोंबणारी एक वायर नीट दिसावी म्हणून स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचली. सगळे संगणक गारठले, स्विचचे सगळे दिवे एकसारखे लुकलुकत होते. वायरला असं काय झालं?

उत्तर : वायर चांगली होती. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं, त्यामुळे गोल पूर्ण झाला.

‘सगळ्यांसाठी’ असलेली फ्रेम स्विच आलेलं पोर्ट सोडून सगळीकडे पाठवतो. ती वायरच्या एका टोकातून बाहेर पडली, दुसऱ्या टोकातून पुन्हा आत आली, पुन्हा सगळीकडे गेली. आयपी पाकिटावर ‘एवढ्या टप्प्यांनंतर फेकून द्या’ असा आकडा असतो. इथरनेटच्या फ्रेमवर तसं काहीच नाही. ती दमत नाही, प्रत्येक फेरीत तिच्या आणखी प्रती होतात आणि क्षणात सगळी वायर त्यांनीच भरते. वर पाठवणाऱ्याचा नंबर कधी या पोर्टातून तर कधी त्या पोर्टातून येताना दिसतो, म्हणून स्विचची यादीही सतत खोटी ठरत राहते.

यावरचा उपाय १९८५ साली डिजिटल कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी शोधला. स्विच आपसांत छोटे संदेश पाठवून गोल कुठे होतोय ते ओळखतात आणि त्यातली एक वाट स्वतःच बंद ठेवतात. चालू असलेली वाट तुटली तर बंद ठेवलेली उघडतात. याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. हजार-बाराशेच्या साध्या स्विचमध्ये बहुधा ही सोय नसते. तुमच्यासाठी स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि मोकळं टोक कपाटात ठेवा.

प्रश्न : ब्रह्मपुरीहून एक आई. मुलगा दहावीला आहे. राउटरमध्ये त्याच्या फोनचा मॅक टाकून ब्लॉक केला. दोन दिवसांनी बघते तर फोनवर परत नेट चालू! मुलगा हसतो, सांगत नाही.

उत्तर : ताई, तो काय करतो ते सांगतो. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘फोनचा मॅक’ आणि ‘रँडम मॅक’ असे दोन पर्याय असतात. तुम्ही एक अडवला, त्याने दुसरा निवडला. राउटरच्या दृष्टीने एक नवाच फोन घरात आला.

ही सोय मुलांसाठी केलेली नाही. खिशातला फोन ओळखीचं वायफाय शोधताना आपला नंबर हवेत सांगत फिरायचा. तो कायमचा एकच असल्याने मॉल, विमानतळ, दुकानं तो टिपून ठेवू शकत. हा माणूस परवाही आला होता, अमुक दुकानापाशी इतका वेळ थांबला, असा माग त्यावरून काढता येई. म्हणून २०१४पासून ॲपलच्या फोनांनी शोधताना बनावट नंबर सांगायला सुरुवात केली. २०१९च्या ॲन्ड्रॉइड १० आणि २०२०च्या आयओएस १४पासून जोडतानाही प्रत्येक वायफायला वेगळा नंबर देणं हीच नेहमीची रीत झाली. असा नंबर ओळखायची खूण सोपी आहे. डावीकडून दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्याचा नाही, जागेवर ठरवलेला आहे.

चेसिस नंबर खोडणं हा गुन्हा आहे, मॅक बदलायला मात्र दोन टिचक्या पुरतात. त्यामुळे मॅकवर उभारलेलं कुलूप सज्जनांपुरतंच असतं. त्याऐवजी वायफायचा पासवर्ड बदला आणि मुलासाठी राउटरवर वेगळं ‘गेस्ट’ वायफाय करून त्याला वेळेचं बंधन घाला. बऱ्याच राउटरांत ही सोय मिळते. नंबर कितीही बदलला तरी त्या वेळेत ते वायफायच बंद असेल.

प्रश्न : मी ऊर्जानगरला राहतो, वीज केंद्रातून निवृत्त झालो. नव्या उपकेंद्रांत म्हणे आयपीशिवाय, निव्वळ इथरनेटवर संदेश जातात. खरं का?

उत्तर : खरं आहे. आयईसी ६१८५० हे उपकेंद्रांसाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे. त्यातल्या ‘गूस’ नावाच्या संदेशांना आयपी नसतोच. बिघाड दिसला की संरक्षक रिलेने ब्रेकरला ‘ट्रिप हो’ हे ३-४ मिलिसेकंदांत सांगायचं असतं. विचारपूस करायला, पोच घ्यायला तेवढा वेळ नसतो.

मघाशी गुरुजींना सांगितलेला ‘एकाचा की समूहाचा’ हा बिट इथे कामाला येतो. गूसचे नंबर ०१-०सी-सीडी-०१ असे सुरू होतात. पहिल्या जोडीतला शेवटचा बिट १ आहे, म्हणजे हा नंबर कोणा एका यंत्राचा नसून ऐकू इच्छिणाऱ्या सगळ्यांचा. रिले एकदाच बोलतो आणि ज्यांना तशी सूचना दिलेली आहे ते सगळे एकदम ऐकतात. पोच मिळत नसल्याने तो तोच संदेश आधी झटपट आणि मग वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. पूर्वी तुम्ही रिलेपासून ब्रेकरपर्यंत तांब्याच्या जोड्या ओढत होता, त्यांचं काम आता एक फायबर आणि हे नंबर मिळून करतात. सगळं एका कुंपणाच्या आत घडतं, म्हणून ठिकाण न सांगणारा नंबर इथे पुरतो.

प्रश्न : चिमूरहून. बसमध्ये लॅपटॉप चोरीला गेला. खोक्यावर मॅक लिहिलेला आहे. चोराने नेट सुरू केलं की पोलिसांना त्यावरून सापडेल का?

उत्तर : दुर्दैवाने नाही. तंत्रनिकेतनच्या विद्यार्थिनीला सांगितलं तेच इथे लागू आहे. मॅक पहिल्या राउटरच्या पुढे जात नाही, त्यामुळे दूर बसून तो शोधता येत नाही. तक्रारीत बिल आणि लॅपटॉपचा अनुक्रमांक द्या आणि ईमेल, बँक यांचे पासवर्ड आजच बदला. मोबाइल हरवला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याचा पंधरा अंकी आयएमईआय मोबाइल कंपन्यांच्या जाळ्याला दिसतो आणि मे २०२३मध्ये सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवरून तो देशभर ब्लॉक करता येतो. आयएमईआय आणि मॅक हे दोन निराळे नंबर. काही खोक्यांवर दोन्ही छापलेले असतात म्हणून घोटाळा होतो.

प्रश्न : मी आलापल्लीला नववीत शिकतो. आमच्या शाळेतल्या संगणकाचा मॅक मला बघता येईल का?

उत्तर : येईल, आणि नुसता बघू नकोस, त्यावर एक प्रयोग कर. शिक्षकांना विचारून विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघड. तिथे ‘गेटमॅक’ हा शब्द इंग्रजीत, सलग टंकून एन्टर दाब. बारा चिन्हांचा नंबर दिसेल. वायरचा आणि वायफायचा वेगवेगळा असेल तर दोन दिसतील.

आता ‘एआरपी’, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘ए’, असं इंग्रजीत टंक. तुझ्या संगणकाने नुकतीच ज्यांची विचारपूस केली त्यांची यादी येईल, डावीकडे आयपी, उजवीकडे मॅक. त्यात बाराही ‘एफ’ असलेली एक ओळ सापडते का बघ. ‘सगळ्यांसाठी’चा नंबर तो हाच. मग प्रिंटरवर एक पान छाप आणि यादी पुन्हा काढ. प्रिंटर जाळ्याला जोडलेला असेल तर त्याची ओळ तिथे दिसेल.

शेवटी ब्राउझरमध्ये तीन-चार वेगवेगळ्या साइट उघड. एक राज्य सरकारची, एक बँकेची, एक परदेशातली. यादी तिसऱ्यांदा काढ. त्यातल्या एकाही साइटची ओळ नसेल. एवढ्या लांब जाऊन आलेल्या सगळ्या पाकिटांसाठी तुझ्या संगणकाला एकच मॅक लागला, शाळेच्या राउटरचा. तो नंबर वहीत उतरव आणि राउटरच्या खालच्या स्टिकरशी ताडून बघ. एखाद्या चिन्हाचा फरक निघाला, तर तो का निघाला याचं उत्तर याच पानावर पहिल्या प्रश्नात आहे.